वाळपईत सांडा

म्हापशाच्या शुक्रवारी, चटयांच्या रांगेच्या टोकाला
तो माणूस बसायचा. स्टोव्हवर काळी कढई,
पुढ्यात चादरीवर पाच सांडे, ओळीने,
ना दोरी, ना पिंजरा.
पळायचं हाड त्याने आधीच निखळवलेलं.
लोक तेलाची बाटली कागदात गुंडाळून घेत
आणि मिरच्यांच्या गल्लीतून घरी जाताना
कुणाशी नजर मिळवत नसत.

जप्तीच्या कागदावर मी लिहिलं: सरडे, मोठे, नग पाच.
झिलू गांवस म्हणाला, नग नको लिहू.
मग काय लिहू, ते त्यालाही सुचेना.

चार गेले.
पाचव्याच्या पाठीत थोडी ताकद उरली होती
आणि शेपटीत सगळीच.
शेपूट जवळजवळ अंगाएवढी,
कड्यांवर कड्या, फणसाच्या सालीची.
डॉक्टर फ्लाविया तपासायला वाकली
तर सप्पकन मनगटावर.
"जगतो हा," ती मनगट चोळत म्हणाली.

त्याचा मुलूख थरचा. माझा असा, की
ऑगस्टात फायलींना बुरशी धरते,
काडेपेटी तांदळाच्या डब्यात लपवावी लागते.
कोरडं म्हणून काही आणायचं, तर कुठून?
मोरजीहून दोन गोणी वाळू आणली,
मीठ जाईस्तोवर तीन पाण्यांत धुतली,
पोदेराने पाव काढल्यावर
त्याच्या ऊन भट्टीत सुकवली.
आठवडाभर अख्ख्या वाड्याच्या दाताखाली कचकच.
पोदेर म्हणाला, सरकारी पाव आहे, खा.

वर शंभरचा बल्ब. खाली मूग, जास्वंद, शेवग्याचा पाला.
चवथ झाल्यावर माटोळीतली काकडी दिली,
त्याने बघितलंही नाही.
सकाळी तो ओल्या चिऱ्यासारखा काळपट असे,
मग बल्बखाली तासाभरात
रंग उतरत उतरत वाळूच्या जवळ येई.
मी चहा निववत ते बघत बसे.
ड्यूटीच्या वहीत याला रकाना नाही.

पपा एकदा माझा विसरलेला डबा घेऊन आले.
एकवीस वर्षं कुवेतला, पाइपलाइनवर.
काचेपाशी उकिडवे बसले.
"असलेच तिथे. कॅम्पच्या मागे. दब म्हणायचे त्यांना.
सुटीच्या दिवशी आम्ही त्यांच्या बिळांजवळ
पत्रं वाचत बसायचो. ते आपले ऊन खात."
एवढं सलग ते घरी कधी बोलले नव्हते.
आम्हाला त्यांनी घड्याळं आणली, ब्लँकेटं,
नारिंगी सरबताची पावडर.
कुवेत आणलं नाही.
त्यानंतर मी डबा रोजच विसरू लागले.

परत पाठवायचा अर्ज पणजीला गेला,
त्रुटी काढून परत आला:
प्राण्याचा मूळ पत्ता नमूद करावा.

मग एका सकाळी बीळच दिसेना.
तोंडाशी वाळू, दाबून, आतून लिंपल्यासारखी.
झिलू म्हणाला, संपला. फावडं घेऊन आला.
पपांनी त्याचा दांडा धरला.
"उकरूं नाका. दार धांपलां ताणें."
आणि बऱ्याच वेळाने, काचेकडेच बघत:
"एका खोलीत आठ जण आम्ही.
मी खाटेभोवती दोरी बांधून
तुझ्या आईची जुनी साडी सोडायचो.
तेवढं सोडलं की कुणी हाक मारायची नाही,
असं सगळ्यांचं ठरलेलं."

वाळूवर एक रेघ होती,
बल्बाखालून निघून वळत गेलेली,
ओढत नेलेल्या जड शेपटीची,
दोन्ही बाजूंना नखांचे ठिपके.
आत गेलेली. बाहेर आलेली नाही.

झिलूने फावडं भिंतीला टेकवलं, हळू.
मी मूग ठेवले.
पपांनी डब्याचं झाकण उघडलं,
तेही अंगठ्याने दाबून, आवाज न होता.